डोक्याचा फोटो निघाला, वाचला मात्र कुणी नाही

राज्याच्या आरोग्याचा कारभार ज्यांच्या हाती आहे त्या सर्वांना,

स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात माझ्या शाळेतल्या एक बाई आपल्या सासूबाईंच्या एमआरआयचं पाकीट घेऊन माझ्या घरी आल्या. मी डॉक्टर नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग शिकवते. पण वडिलांच्या अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मरण आणि समज हळूहळू नेणाऱ्या मेंदूच्या आजारात, आमच्या घराने काय सोसलं ते गावाला माहीत आहे, म्हणून आता अशी पाकिटं माझ्याकडे येतात. रिपोर्टच्या तळाशी इंग्रजीत एकच ओळ होती. तिचा अर्थ असा, की मेंदू वयोमानानुसार आक्रसलेला आहे, बाकी विशेष काही नाही. तीन वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या रिपोर्टवरही जवळजवळ याच शब्दांत हीच ओळ होती. तिने आमची दोन वर्षं खाल्ली. ती पुन्हा डोळ्यांसमोर आल्यावर गप्प बसणं मला जमलं नाही.

अण्णा एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. सुटे नसले की बाकीचे पैसे तिकिटाच्या मागे लिहून द्यायची रीत. पण भरलेल्या गाडीत कुणाचे किती द्यायचे राहिलेत ते अण्णांना तोंडपाठ असे. २०२१ च्या दिवाळीत झेंडू घेताना त्यांनी फुलवाल्याला शंभराची नोट दिली आणि परत आलेले पैसे हातात धरून नुसते उभे राहिले. अंगठ्याने नोटा सरकवत होते, ओठ हलत होते, हिशेब मात्र लागत नव्हता. मग माझ्याकडे बघून ओशाळं हसले आणि पैसे माझ्या हातावर ठेवत म्हणाले, "तूच ठेव." आपलं काहीतरी निसटतंय हे आम्हा सगळ्यांच्या आधी त्यांना स्वतःला कळलं होतं. हे पत्र वाचताना तेवढं ध्यानात ठेवा.

गावातले डॉक्टर म्हणाले, वय झालं. नातेवाईक म्हणाले, म्हातारचळ. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर सगळ्यांच्या जिभेवर. २०२२ च्या उन्हाळ्यात आम्ही जिल्ह्याच्या गावी गेलो, साडेसहा हजार भरले आणि अण्णांच्या डोक्याचा एमआरआय काढला. रिपोर्टवर ती ओळ आली. मेंदूत काही नाही म्हटल्यावर निवृत्तीनंतरचं नैराश्य असं ठरलं, आणि झोप लागत नाही म्हणून रात्रीची अमिट्रिप्टिलिनची गोळी सुरू झाली. अल्झायमरमध्ये अ‍ॅसिटिलकोलीन हे मेंदूतलं रसायन आधीच कमी पडत असतं आणि ही गोळी त्याच रसायनाचं काम आणखी अडवते, हे मला फार उशिरा कळलं. डॉक्टरांना ते शिकवलेलं असतं. पण निदानच दुसरं झालं असेल तर ते आठवणार कुणाला? त्या वर्षात अण्णा झपाट्याने उतरले. त्यातलं किती आजारामुळे आणि किती गोळीमुळे, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

२०२३ च्या पावसाळ्यात एका पहाटे चार वाजता अंथरूण रिकामं दिसलं. अण्णा स्टँडवर सापडले. मुक्कामी गाडीच्या दाराशी, पायात चप्पल नाही, अंगावर ओला सदरा, आणि तिथल्या तरुण कंडक्टरला पुन्हा पुन्हा विचारत होते, "माझं वे-बिल कुठंय?" त्या मुलाने त्यांना गाडीत बसवून आपला टॉवेल दिला होता. त्या रात्रीपासून आईने दाराच्या कडीला देवघरातली घंटा बांधली आहे.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही त्यांना मुंबईला नेलं. तिथल्या न्यूरॉलॉजिस्टनी नवीन काही काढायला सांगण्याआधी जुनी फिल्म मागितली. उजेडाच्या पेटीवर लावली, एका चौकोनावर पेन टेकवलं आणि मला जवळ बोलावलं. दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, मेंदूच्या तळाशी, हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. नवी आठवण साठवायचं काम त्याचं. अल्झायमर बहुधा याच भागात आणि त्याच्या शेजारी आधी घुसतो. भुईमुगाच्या शेंगेत दाणा बारीक राहिला की आत पोकळी दिसते, तशी काळी पोकळी त्या फिल्मवर दोन्ही बाजूंना दिसत होती. ही पोकळी मोजायची सोपी पट्टी १९९२ साली फिलिप शेल्टेन्स या डच न्यूरॉलॉजिस्टने सहकाऱ्यांबरोबर दिली आहे. शून्य ते चार असे अंक, नुसत्या डोळ्यांनी बघून द्यायचे, वेगळं यंत्र लागत नाही. पंचाहत्तरीच्या आतल्या माणसाला दोन किंवा जास्त अंक आले तर ते वयाच्या खात्यावर टाकता येत नाहीत. फोटो काढला तेव्हा अण्णा सत्तर वर्षांचे होते. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना तीन दिले.

फिल्म तीच होती. दोन वर्षं आमच्या कपाटात, लाइट बिलांच्या खाली पडलेली.

मी रुग्णालयांची नावं घेत नाही, कारण हा एका इमारतीचा दोष नाही. ज्यांनी तो रिपोर्ट लिहिला त्यांच्यावरही माझा राग नाही. त्यांच्यापुढे दिवसभरातल्या फिल्मचा ढीग होता आणि आमच्या चिठ्ठीवर 'एमआरआय ब्रेन' एवढेच दोन शब्द होते. विसरण्याचा त्रास किती दिवसांचा, हिशेब चुकतो का, रस्ता चुकतो का, काही लिहिलेलं नव्हतं. न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर कुणी का शोधावं? गाठ नाही, रक्तस्राव नाही, झटक्याची खूण नाही एवढं बघून त्यांनी कागद पुढे सरकवला. माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. यंत्र आहे, वीज आहे, फोटोही निघतो. तो कशासाठी काढला हे विचारायची आणि त्यात काय दिसलं हे ठरलेल्या पद्धतीने लिहायची सक्ती मात्र कुठेच नाही. ती करायला नवी इमारत लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

नुसत्या फोटोवरून अल्झायमर ठरत नाही, हे मलाही आता कळतं. बोलून, चाचण्या घेऊन, घरच्यांना विचारून आणि रक्त तपासून निदान होतं, फोटो त्याला आधार देतो. कधी कधी तो उलटही सांगतो, आणि ते तर जास्तच मोलाचं. आमच्या गल्लीतल्या एक काकू तीन महिन्यांत भ्रमिष्टासारख्या झाल्या. घरच्यांनी देवऋषी केला. मुलगा सोलापूरला घेऊन गेला, सीटी काढला, तर कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये रक्त साकळलेलं निघालं. दीड-दोन महिने आधी मोरीत घसरून पडल्या होत्या, तेवढं निमित्त. ऑपरेशन झालं आणि आज त्या पापड लाटतात, नातवंडांना रागावतात. मेंदूत पाणी साठून चाल, लघवी आणि स्मरण तिन्ही बिघडण्याचा एक आजार असतो, त्याची शंकाही फोटोतच येते. बी-१२ कमी असणं, थायरॉइड मंदावणं हे तर साध्या रक्ततपासणीत कळतं आणि उपचाराने सुधारू शकतं. यातल्या कितीजणांना आपण म्हातारचळ म्हणून कोपऱ्यातल्या खाटेवर टाकलं असेल, या विचाराने मला झोप लागत नाही.

आता पेट स्कॅनबद्दल. अण्णांच्या बाबतीत नैराश्य की अल्झायमर याचा वाद दोन वर्षं चालल्यामुळे डॉक्टरांनी एफडीजी-पेट करायला सांगितलं. किरणोत्सारी खूण लावलेली साखर शिरेतून देतात आणि मेंदूचा कुठला भाग ती किती घेतो ते बघतात. इंजेक्शननंतर मंद उजेडाच्या खोलीत पाऊण तास गप्प पडून राहायचं. अण्णांना ते कसं समजवायचं? दर दोन मिनिटांनी उठून बसायचे आणि विचारायचे, "आपल्याला कुठं उतरायचंय?" शेवटी तिथल्या सिस्टरनी दारात उभं राहून सांगितलं, "मास्तर, गाडी घाटात आहे, अजून अर्धा तास." तेव्हा ते शांत पडले. त्या बाईंचं नाव मला माहीत नाही. त्यांचे आभार मी इथेच मानते.

फोटोत बघण्याचं काम करणारा मागचा भाग आणि हातपाय हलवणारी पट्टी लख्ख होती. दोन्ही बाजूंचे पॅरायटल भाग आणि आतला मागचा सिंग्युलेट मात्र विझत आलेल्या निखाऱ्यासारखे. हा अल्झायमरचा ओळखीचा नमुना. लेवी बॉडी नावाचा दुसरा स्मृतिभ्रंश असतो, त्यात मागचा बघण्याचा भागही मंदावतो. त्या रुग्णांना भास आणि आक्रस्ताळेपणा शांत करायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर ते आखडून जातात, जिवावरही बेतू शकतं. हा फरक कळणं म्हणजे शहरी चैन नव्हे.

देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन आणि पहिलं पेट यंत्र २००२ साली आपल्याच मुंबईत, परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. सुरुवात महाराष्ट्रातून झाली याचा मला अभिमान आहे. पण या तपासणीतल्या फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य साधारण ११० मिनिटांचं. मुंबईहून गाडीत घालून आमच्याकडे पाठवलं तर सव्वानऊ तासांनी त्याचा बत्तिसावा हिस्सा उरेल. औषध आमच्यापर्यंत येऊ शकत नाही, रुग्णालाच जावं लागतं. आता राज्यातल्या इतर मोठ्या शहरांतही यंत्रं आहेत, पण त्यांच्यावर कर्करोगाच्या रुग्णांची रांग असते, आणि ती असायलाच हवी. त्या रांगेत मेंदूच्या रुग्णासाठी आठवड्यातली एक सकाळ मागणं मला अवाजवी वाटत नाही.

अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या मेंदूतल्या गाठी दाखवणारा अमायलॉइड पेट सगळ्यांना फुकट द्या, असं मात्र मी म्हणत नाही. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या बाईंच्या मेंदूतल्या गाठी आणि गुंते दाखवले, त्या तेव्हा वारलेल्या होत्या. पुढे जवळजवळ शंभर वर्षं पक्की खात्री मेल्यावरच व्हायची. अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये तयार झालेलं रसायन २००२ मध्ये स्वीडनच्या उप्सालात पहिल्यांदा जिवंत माणसाला देऊन त्या गाठी पेटवर पाहण्यात आल्या. २०१२ मध्ये अमेरिकेने फ्लोरबेटापीर या त्याच जातीच्या औषधाला मान्यता दिली. तिथे अकरा हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या 'आयडियाज' या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. हा स्कॅन पाहिल्यावर दहापैकी सहा रुग्णांच्या उपचारांत किंवा पुढच्या नियोजनात डॉक्टरांनी बदल केले होते. हे मोठंच काम आहे. पण ठणठणीत म्हाताऱ्यांच्या मेंदूतही अमायलॉइड सापडतं, त्यातल्या अनेकांना आयुष्यभर काही होत नाही. त्यामुळे तक्रार नसलेल्या माणसाला भीती दाखवून मेंदूच्या स्कॅनची पॅकेजं विकणं मला चुकीचं वाटतं, आणि त्यावर तुम्ही लक्ष ठेवावं. तज्ज्ञांनी तपासूनही जिथे शंका उरते, तिथेच हा खर्च शोभतो.

तरीही ही दारं आमच्यासाठी कायमची बंद राहू नयेत. अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅबला आणि २०२४ मध्ये डोनानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली. ही औषधं आजार बरा करत नाहीत, थोडा मंदावतात. ती फक्त सुरुवातीच्या टप्प्यात द्यायची असतात, आधी अमायलॉइड असल्याची खात्री लागते, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना हे बघायला पुन्हा पुन्हा एमआरआय लागतो. उद्या ती स्वस्त झाली तरी ज्या जिल्ह्यात साधा फोटो नीट वाचला जात नाही, तिथे ती कुणाला देणार?

पैशांची तक्रार थोडक्यात सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना खुली झाली. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण मिळालं. दोन्ही निर्णयांचं मी मनापासून स्वागत करते. पण दोन्ही योजना दाखल होऊन घ्यायच्या उपचारांभोवती बांधलेल्या आहेत. विसरणारा माणूस दाखल होत नाही. तो ओपीडीत येतो, बोलतो, तपासून घरी जातो. एका रुग्णालयाच्या खिडकीवर मला सांगितलं गेलं, "पेशंट अ‍ॅडमिट करा, मग बघू." हिंडत्या-फिरत्या अण्णांना फोटोसाठी खाटेवर झोपवायचं आणि दुसऱ्या कुणाची तरी खाट अडवायची, हे मला पटलं नाही. आम्ही पैसे भरले. ज्यांना भरता येत नाहीत ते फोटो न काढताच घरी जातात.

आणि भाषा. आमच्या आधीच्या तपासणीत अण्णांना भाषांतर केल्यासारखे प्रश्न विचारले गेले. चित्र दाखवलं ते गेंड्याचं. आयुष्यात गेंडा न बघितलेला माणूस त्याचं नाव विसरला की त्याला ते कधी माहीतच नव्हतं, हे कसं ठरवणार? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अशा चाचण्यांचा संच आपल्या लोकांसाठी बनवला हे फार चांगलं झालं. पण त्याच्या पहिल्या पाच भारतीय भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या. मराठी नव्हती. चार-सहा इयत्ता शिकलेल्या, बाजारहाट आणि शेतीचे हिशेब तोंडी करणाऱ्या मराठी माणसासाठी पडताळलेली चाचणी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असायला हवी.

हा दोन-चार घरांचा प्रश्न नाही. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासाचा अंदाज आहे, की साठीपुढच्या ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे शंभरात साडेसातच्या आसपास. प्रमाण बायकांमध्ये जास्त, खेड्यांत जास्त. म्हणजे तपासणीची सोय जिथे सगळ्यात कमी, नेमकं तिथे.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत.

स्मृतिभ्रंशाच्या शंकेने पाठवलेल्या प्रत्येक एमआरआय-सीटीसाठी एक ठरलेली चिठ्ठी आणि एक ठरलेला रिपोर्ट करा. चिठ्ठीवर त्रास कधीपासून आणि काय, हे लिहिल्याशिवाय ती स्वीकारू नका. एमआरआयमध्ये हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात छेद घ्या आणि रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंचे अंक लिहा. 'वयोमानानुसार' हा शब्द वापरायचा तर तो अंकासह. जिथे वाचणारा तज्ज्ञ नाही, तिथले फोटो इंटरनेटवरून सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पाठवून वाचून घ्या.

प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस स्मृती ओपीडी ठेवा. तिथे मराठी चाचणी, बी-१२ आणि थायरॉइडची तपासणी, चालू गोळ्यांची छाननी आणि घरच्यांशी बोलायला अर्धा तास द्या. ही तपासणी आणि त्यानंतरचा फोटो दाखल न होता योजनेत बसवा. तज्ज्ञाने लेखी कारण दिलं असेल तर एफडीजी-पेटसुद्धा, रुग्ण आणि सोबतच्या एका माणसाच्या प्रवासखर्चासह.

निदान रुग्णाला आणि घरच्यांना मराठीत समजावून सांगा आणि मराठीत लिहून द्या.

तुम्ही विचाराल, लवकर कळलं असतं तर काय फरक पडला असता? आजार बरा झाला नसता, मला माहीत आहे. अल्झायमरवरचं डोनेपेझिल हे औषध दोन वर्षं आधी सुरू झालं असतं, ती रात्रीची गोळी टळली असती. पण त्याहून मोठं एक आहे. २०२२ मध्ये अण्णांशी बोलता येत होतं. घर कुणाच्या नावावर करायचं, पेन्शनच्या खात्यावर कुणाची सही चालावी, दुखणं वाढलं तर दवाखान्यात ठेवायचं की घरी, हे त्यांना विचारता आलं असतं आणि त्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं असतं. आता हे सगळं आई आणि मी अंदाजाने ठरवतो, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतो.

दरवर्षी २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या दिवशी फेऱ्या निघतात, फलक लागतात. येत्या २१ सप्टेंबरला निदान एका जिल्ह्यात स्मृती ओपीडीचं दार उघडा. जिल्हा कुठलाही असो, माझाच असावा असा हट्ट नाही. पाहणीसाठी, चौकशीसाठी किंवा परिपत्रकाचा मसुदा करताना एखादं खरं उदाहरण हवं असेल, तर अण्णांची २०२२ ची फिल्म आणि तिचे दोन्ही अर्थ लावलेले कागद घेऊन मी रजा टाकून यायला तयार आहे. शाळेतल्या त्या बाईंच्या सासूबाईंना मात्र थांबायला वेळ नाही. त्यांना घेऊन आम्ही येत्या सोमवारी निघतोय.

आपली विश्वासू,
एका निवृत्त कंडक्टरची मुलगी